वायरमनची जबान

सादिक मुजावरची नोकरी संपली, पण सोनगिरीनं त्याचं वायरमनपण काही सोडलं नाही. नव्या वायरमनकडं दहा-बारा गावं होती आणि त्याचा फोन बहुतेक बंदच असायचा. त्यामुळं डीपीतला फ्यूज उडाला, खांबावरची तार लोंबायला लागली, कुणाच्या मीटरपाशी जळका वास आला, की माणसं सरळ मुजावर गल्लीत येऊन हाक मारायची, "वायरमनचाचा, हाय का घरात?" चाचा असायचाच. चप्पल सरकवून, पकड खिशात घालून तो निघायचा. बायको, जमिलाबी, मागून म्हणायची, "पेन्शन झाल्यावर माणसं बसतेत घरी. तुमी अजून खांबावरच." तो हसायचा. गावाला आपली गरज लागते, ही गोष्ट त्याला मनातून फार गोड वाटायची.

नोकरीत असताना मात्र त्याच्या वाट्याला शिव्याच जास्त आल्या होत्या. मुरुम गावाकडून येणाऱ्या लाइनीच्या पार शेवटाला सोनगिरी. संध्याकाळी सगळीकडचे दिवे, टीव्ही, गिरण्या एकदम सुरू झाल्या की इथवर पोचेस्तोवर विजेतला जीव संपलेला असायचा. बल्ब तांबडे पडायचे, पंख्याची पाती मोजता यायची. रानातून आलेल्या बाया दळणाचे डबे घेऊन इरम्माच्या गिरणीपुढं बसून राहायच्या आणि इरम्माची मोटर नुसती घुंऽऽ करत उठायचं नाव घ्यायची नाही. दिवसा एवढं ऊन पडतं, माळावर एवढ्या पवनचक्क्या, मग आमच्याच दिव्याला काय धाड भरली, असं लोक विचारायचे. सादिक समजावून सांगायचा, "लाइट म्हंजे जवारी न्हाय पेवात भरून ठेवायला. जवा बनती तवाच खपवावी लागती. साठत न्हाय ती."

हे सांगताना त्याला स्वतःलाही वाईट वाटायचं. चांगलं वारं सुटलेलं असताना माळावरच्या पवनचक्क्या मुद्दाम थांबवून ठेवलेल्या त्यानं किती वेळा पाहिल्या होत्या. वरून निरोप यायचा, आत्ता वीज नको, बंद करा. इकडं गाव अंधारात आणि तिकडं वारं नुसतं वाया चाललेलं. सगळी नोकरी त्यानं ही खंत मनात धरून काढली.

म्हणून राघवेंद्र नावाचा कंपनीचा माणूस जेव्हा धाराशिवहून आला आणि गायरान बघायला मागू लागला, तेव्हा गावात सगळ्यात आधी कान टवकारले ते सादिकनं. राघवेंद्र चाळिशीतला, मऊ बोलणारा. कंपनीसाठी जागा मिळवायचं काम त्याच्याकडं होतं. सोनगिरीच्या गायरानावरून एकशे बत्तीस केव्हीची मोठी लाइन जात होती आणि तिच्या शेजारी कंपनीला बॅटऱ्या बसवायच्या होत्या.

"कसल्या बॅटऱ्या?" सादिकनं विचारलं.

"वीज साठवायच्या, चाचा. दुपारची सोलरची, वाऱ्याची. संध्याकाळी गरज असते तेव्हा सोडायची."

"किती साठत्यात?"

"शहरच्या शहर दोन तास चालेल एवढी."

सादिकनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. आठवड्याभरात राघवेंद्रनं त्याला आणि सरपंच शिवपुत्रला गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यातला असाच एक प्रकल्प दाखवायला नेलं. तारेच्या कुंपणाआड पांढरे कंटेनर ओळीनं उभे होते, रस्त्यावर ट्रेलरवर दिसतात तसे. बाहेरून बघायला काहीच नाही. शिवपुत्र चहा कुठं मिळेल ते बघत होता. सादिकनं एका कंटेनरच्या पत्र्यावर तळवा टेकला. पत्रा किंचित थरथरत होता. आतले पंखे घोंघावत होते. आत सकाळपासूनचं ऊन भरून ठेवलंय, आणि हे आपण जिवंतपणी बघतोय, एवढंच त्याच्या मनात आलं. डोळे भरून आले तसा तो पाठ फिरवून उभा राहिला.

परत आल्यावर तो घरोघर फिरला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. जिथं बसेल तिथं तो बॅटऱ्यांबद्दल बोलायचा, पोरगं नवी सायकल बघून आल्यावर बोलतं तसं. जमिलाबीला हे बरं वाटेना. "अजी, कंपनीचं काम कंपनीला करू द्या ना. तुमी कशाला मधी?"

"अगं, सगळ्या जिंदगीत लोकांना न्हाय न्हाय म्हणलो. एकदा व्हय म्हणू दे की."

विरोध केला तो एकट्या रामलिंगनं. रामलिंग आणि सादिक एका वर्गात बसलेले. रामलिंगच्या शेळ्या गायरानावर चरायच्या, आणि तेवढ्यावरच त्याचं घर चालायचं. तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सादिक, तू सांगितलंस तर गाव ऐकल. म्हणून तुलाच इचारतो. माझ्या शेळ्या कुठं नेऊ?"

"ओढ्याच्या कडंनं हाय की रान."

"ती सगळी बागायत झाली. बांधाला शेळीचं तोंड लागलं तरी काठी घेऊन येत्यात."

"रामलिंग, गावाचा इचार कर. संध्याकाळची लाइट सुधारंल."

"कोण म्हणलं?"

"आरं, शेजारी एवढी वीज साठणार. गावाला न्हाय देणार मग कुणाला देणार?"

रामलिंगनं चप्पल पायात सरकवली. "तुला जास्त कळतं त्यातलं," असं म्हणून उठून गेला.

खरं तर इथंच सादिकच्या मनात एक खडा टोचला होता. एकशे बत्तीसची लाइन कशी असते ते त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. ती गावाच्या डोक्यावरून जाते, खाली थेंबही न सांडता. गावाला येते ती अकरा केव्हीची लाइन, ती वेगळी, मुरुमहून फिरून येणारी. मोठ्या लाइनीला जोडलेली बॅटरी गावाच्या बल्बापर्यंत कशी पोचणार, हे राघवेंद्रला विचारायला हवं होतं. त्यानं ते विचारलं नाही. इतके हुशार लोक आहेत, काहीतरी सोय केलीच असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तो खडा तसाच राहू दिला.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. राघवेंद्र चांगलं बोलला. प्रदूषण नाही, धूर नाही, गावाचं नाव होईल, जिल्ह्याचं नाव होईल. तो बसल्यावर बायांमधून इरम्मा उठली. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवायची. बोलणं मोजकं आणि स्पष्ट.

"मला एकच इचारायचंय. संध्याकाळी माझी मोटर उचलंल का?"

राघवेंद्र म्हणाला, "ताई, एवढा मोठा प्रकल्प आल्यावर फायदा सगळ्यांनाच होणार."

"तुमाला न्हाय इचारत, साहेब. चाचांना इचारते."

सगळं पटांगण सादिककडं वळलं. तो पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं राघवेंद्रकडं पाहिलं. राघवेंद्र पायातल्या बुटाच्या नाडीकडं बघत होता. सादिक उभा राहिला.

"उचलंल. माझी जबान हाय."

त्यावर मग कुणी काही विचारलं नाही. हात वर झाले, ना-हरकत ठराव झाला. रामलिंगनं हात वर केला नाही, पण खालीही बसून राहिला नाही. तो शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पुढं सगळं भराभर झालं. गायरानाला कुंपण पडलं. ट्रेलर आले, क्रेन आली, रस्ता रुंद झाला. रामलिंगनं पाटी-दोन पाटी चाऱ्यावर काही दिवस शेळ्या दावणीला ठेवल्या, मग मुरुमच्या बाजारात नेऊन विकल्या. बाजाराच्या दिवशी तो वेशीतून जाताना सादिक समोर आला. रामलिंगनं शेळ्यांना हाक दिली, सादिकला नाही.

उद्घाटनाला मंडप पडला. सादिकला शाल मिळाली, पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची मिळाली. कंपनीनं भूमिपुत्रांना काम दिल्याचं भाषणात सांगितलं. तीन भूमिपुत्रांमध्ये एक रामलिंगही होता. निळा गणवेश आणि गळ्यात ओळखपत्र. आतल्या आवारात गवत वाढलं तर आगीचा धोका असतो, म्हणून पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारायचं काम त्याला मिळालं होतं. ज्या माळावर त्यानं बापाबरोबर शेळ्या वळल्या, त्याच माळावर आता हिरवं म्हणून काही राहू नये, हे बघायचा त्याला पगार मिळत होता.

ज्या दिवशी पहिल्यांदा बॅटरीतून वीज सुटणार होती, त्या संध्याकाळी सादिक कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. सूर्य कलला, सोलरची वीज ओसरायला लागली तसे पंखे घुमू लागले. मोठ्या लाइनीचा आवाज किंचित बदलला. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. सादिकला कळला. वीज निघाली होती. दुपारचं ऊन तारांवरून पळत कुठल्या तरी मोठ्या शहराकडं चाललं होतं. त्याच्या अंगावर काटा आला. मग त्यानं वळून गावाकडं पाहिलं. घराघरातले बल्ब तांबडे झाले होते. गिरणीकडून मोटरचं ते ओळखीचं घुंऽऽ ऐकू येत होतं.

"पहिला दिवस हाय," त्यानं गिरणीवर जाऊन इरम्माला सांगितलं. "सेटिंग चालू आसंल."

"बरं, चाचा."

पंधरवडा गेला. महिना गेला. उन्हाळा चढला तशी संध्याकाळची वीज आधीपेक्षाही खाली गेली, कारण लोकांनी कूलर लावले. एका संध्याकाळी बाया थांबून थांबून कंटाळल्या, म्हणून इरम्मानं मोटर बंद न करता तशीच रेटली, आणि ती जळाली. गिरणीतून धूर आला. सादिक धावत गेला तेव्हा बाया आपापले डबे उचलून निघाल्या होत्या. त्याला बघून त्या बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं धाराशिवला गेला. कंपनीचं कार्यालय एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. राघवेंद्रनं उठून त्याला बसायला दिलं, पाणी दिलं, चहा सांगितला.

"साहेब, गावाला वीज कवा?"

"कसली वीज, चाचा?"

"बॅटरीतली. संध्याकाळची."

राघवेंद्रनं हातातला पेन खाली ठेवला. "चाचा, ती मोठ्या लाइनीला जोडलीय. वरून जसा हुकूम येतो तशी सुटते. जिथं मागणी जास्त, तिथं जाते. गावाच्या लाइनीशी आपला संबंधच नाही. तुमच्या गावाला दुसरी लाइन ओढायला पाहिजे, नवा डीपी पाहिजे. ते आमचं काम नाही."

"तुमी ग्रामसभेत म्हणला..."

"मी म्हणालो, फायदा सगळ्यांना होणार. होतोयच की. राज्याला होतोय, देशाला होतोय. मोटर उचलेल असं मी म्हणालो नाही." तो जरा थांबला. आवाज आणखी मऊ झाला. "ते तुम्ही म्हणालात."

सादिकनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," राघवेंद्र म्हणाला. "तुम्ही त्याच खात्यात होता ना."

"मग तवाच मला थांबवायचं होतं."

"चाचा, गाव ऐकत होतं. मी तुम्हाला खोटं पाडायचं का सगळ्यांसमोर?"

चहा आला. सादिकनं तो प्यायला, कारण सांगितलेला चहा टाकून उठणं त्याला जमलं नाही. जिना उतरताना त्याला चीड आली ती राघवेंद्रची नव्हती. तो माणूस पगाराला बांधलेला. आपण कशाला बांधलेलो होतो? एकशे बत्तीस आणि अकरामधला फरक ज्याला झोपेत विचारला तरी सांगता आला असता, त्यानं आख्ख्या गावासमोर जबान दिली होती, का तर त्याला ते खरं व्हायला हवं होतं.

गावात येऊन त्यानं शिवपुत्रला सांगितलं, आणि इरम्माला स्वतः जाऊन सांगितलं. ती नवी मोटर बसवून घेत होती, मुरुमचा मिस्त्री बोलावून.

"माझ्यावर राग काढ, बाई," सादिक म्हणाला. "माझंच चुकलं."

"तुमच्यावर राग न्हाय, चाचा." तिनं पट्ट्यावरून नजर उचलली नाही. "साहेबाला सोडून म्या तुमाला इचारलं, त्याचा राग येतो मला माझाच."

त्यानंतर मुजावर गल्लीत हाक यायची थांबली. फ्यूज उडाला तर पोरं काठीनं खटपट करायची, नाहीतर नव्या वायरमनची वाट बघत अंधारात बसायची. भांडण कुणी केलं नाही. रस्त्यात राम राम, सलाम चालूच होते. फक्त कुणाला त्याची गरज लागत नव्हती. जमिलाबीनं एकदाही 'मी म्हणत होते ना' असं म्हटलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

दिवाळीनंतर राघवेंद्र पुन्हा आला. गाडी थेट सादिकच्या दारात थांबली. पलीकडच्या तांबरवाडीत कंपनीला दुसरा टप्पा करायचा होता. तिथं ग्रामसभा होती.

"तुम्ही या, चाचा. बाजूची गावं तुम्हाला ओळखतात."

"म्या काय बोलायचं?"

"तुम्हाला जे वाटेल ते."

"जे वाटंल ते?"

"अगदी."

जमिलाबी आतून म्हणाली, "नका जाऊ." गाडी गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा म्हणाली, "तुमी खरं बोलायला जाताय, ते मला कळतंय. पण त्यो तुमाला कशाला बोलावतोय, ते तुमाला कळतंय का?"

"काही का आसंना. तिथली बाई कुणी उठून इचारंल, तवा खरं सांगणारा कुणी पायजे."

तो गेला. तांबरवाडीच्या सभामंडपात त्याला वर, राघवेंद्रच्या शेजारी बसवलं. पाळी आली तसा तो उभा राहिला आणि आयुष्यात बोलला नव्हता इतकं बोलला. लाइनी कशा वेगळ्या असतात ते सांगितलं. सोनगिरीचे बल्ब आजही तांबडे आहेत ते सांगितलं. इरम्माची मोटर जळाली, रामलिंगच्या शेळ्या गेल्या, गायरानावर काडीही उगवत नाही. "बॅटरी वाईट न्हाय," तो म्हणाला. "लई चांगली चीज हाय. लागलीच पायजे. पण ती तुमच्यासाठी न्हाय. गायरान द्यायचं तर हे समजून द्या. म्या सोनगिरीला खोटं सांगितलं. तुमाला सांगणार न्हाय."

मागून एक तरुण उठला. "चाचा, तुमच्या गावात रस्ता झाला का?"

"झाला."

"तीन माणसं कामाला लागली का?"

"लागली."

"मग आमच्या टायमालाच का वाईट वाटतंय तुमाला?"

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, दुसरा टप्पाही सोनगिरीलाच पाहिजे असेल. सादिकनं हात वर केला, पण पुन्हा बोलायला मिळालं नाही. राघवेंद्र उठला होता.

"मंडळी, चाचा बोलले ते खरं आहे," तो म्हणाला. "गावच्या लाइनीला यातून वीज मिळणार नाही. मी आधीच सांगतो. पण आम्ही काय करू ते बघा. सभामंडपाला स्लॅब टाकून देऊ. शाळेला खोल्या देऊ. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. कुठली कंपनी आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतून आणून आपल्या शेजारी बसवते? आमचं काही लपवाछपवीचं नाही, म्हणून चाचा इथं आहेत."

टाळ्या पडल्या. सादिकला वाटलं, आपण बोललो तो एकेक शब्द त्या माणसानं उचलून स्वतःच्या खिशात टाकला. ठरावाला हात वर झाले, सोनगिरीपेक्षा जास्त. परत सोडायला गाडी होती. तो गाडीत बसला नाही. रस्त्यावर उभं राहून त्यानं एसटीला हात केला.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. मंचावर राघवेंद्र आणि त्याच्या शेजारी सादिक, खाली लिहिलेलं, प्रकल्पाचे मार्गदर्शक सादिक मुजावर यांच्या उपस्थितीत तांबरवाडीत ठराव मंजूर. तो पेपर सोनगिरीत चहाच्या टपरीपासून गिरणीपर्यंत फिरला. जमिलाबीला नळावर कुणीतरी सांगितलं. ती घरी आली, कळशी ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली.

संध्याकाळी सादिक घराबाहेर पडला. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आपण तिथं काय बोललो ते. कुणाला, हे त्याला कळेना. चालत चालत तो गायरानाकडं गेला. फाटकाशी रामलिंग उभा होता, पाठीवर औषधाचा रिकामा पंप. कामाची वेळ संपून तो पंप ठेवायला आत निघाला होता. त्यानं सादिककडं पाहिलं. शेळ्या विकल्यापासून तो पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

"किती मिळालं?"

"काय?"

"तांबरवाडीचं. किती दिलं तुला?"

"काहीच न्हाय. सोनगिरीचं बी न्हाय, तांबरवाडीचं बी न्हाय. अल्लाची शपथ."

रामलिंग त्याच्याकडं बघत राहिला. शपथ खरी आहे हे त्याला कळलं असावं, कारण तोंडावरचा राग उतरला आणि तिथं दुसरंच काही आलं. ते बघण्यापेक्षा सादिकला राग परवडला असता.

"मग तू माझ्यापेक्षा बी येडा निघालास," रामलिंग म्हणाला. "मला निदान पगार तरी हाय."

त्यानं आत जाऊन फाटक ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.